जांभळे त्रिकोण

नवं मीटर ओगले सरांनी सबनीसच्या हातात दिलं आणि मला म्हणाले, "शालन, तू जुनंच घे. तुला त्याची सवय आहे."

सवय होतीच. नवऱ्याच्या घोरण्याची बायकांना असते, तसली. त्या जुन्या मीटरचा काटा वाऱ्याने हलावा तसा थरथरायचा, मधूनच उडी मारायचा, आणि त्याची बॅटरीची पेटी उचलताना कंबर धरायची. नवं मीटर सुबक होतं, त्यावर आकडे आपोआप उमटायचे. सबनीसने ते तान्हं मूल घ्यावं तसं दोन्ही हातांनी घेतलं आणि माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्यात काय होतं याचा मी कधी विचार केला नाही. सबनीस हसला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, एवढं मला पुरे होतं.

आम्ही तिघे बोरमाळ नावाच्या गावाबाहेर, नव्या दवाखान्याच्या आवारात उभे होतो. माण भागातलं कोरडं गाव. शहाऐंशी सालचा फेब्रुवारी, आणि ऊन आताच चैत्राचं. दवाखान्याची इमारत उभी होती, खाटा येऊन पडल्या होत्या, बाळंतपणाच्या खोलीला हिरवा रंगसुद्धा लागला होता. पाणी मात्र नव्हतं. पाण्याशिवाय दवाखाना उघडायचा नाही, असं वरून स्पष्ट सांगितलेलं. मंजुरी एकाच बोअरची होती. ती कोरडी गेली तर दवाखाना शेजारच्या मोठ्या गावाला जाणार, हेही ठरलेलं. म्हणून विद्यापीठातून आम्हाला बोलावलं होतं. जागा दाखवायची, तीही एकच.

सबनीस आणि मी एमएस्सीला एका वर्गात होतो. तो पहिला आला, मी दुसरी. पुढे दोघांनीही ओगले सरांच्या हाताखाली पीएचडी केली, दोघेही भूभौतिकीच्या विभागात लेक्चरर म्हणून चिकटलो. त्याचं टेबल खिडकीपाशी, माझं कपाटापाशी. गावात गेलं की पहिला चहा त्याच्या हातात यायचा, आणि माझ्या हातात यायचा तेव्हा त्यावर साय धरलेली असायची. आता विभागात रीडरची, म्हणजे लेक्चररच्या वरची, एक जागा निघाली होती. मुलाखती पुढच्या महिन्यात. सर तोंडातून अवाक्षर काढत नव्हते, पण मी मनाशी पक्कं धरलं होतं: बोरमाळला ज्याच्या खुणेवर पाणी लागेल, त्याचीच ती खुर्ची.

काम सांगायला सोपं आहे. जमिनीत एका ओळीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची, आतल्या दोन खुंट्यांवर जमीन तिला किती अडवते ते मोजायचं. मग बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेत जायच्या. खुंट्या जितक्या दूर, तितकी वीज खोल उतरते. कोरडा काळा फत्तर विजेला अडवतो, ओला मुरूम तिला वाट देतो. प्रत्येक वेळचा आकडा आलेखावर मांडला की जमिनीच्या पोटात काय आहे ते रेषेच्या चढउतारावरून वाचायचं.

पण वरची माती इतकी वाळलेली होती की खुंटीतून वीज आत शिरेचना. अशा वेळी आम्ही खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओततो. गावचे सरपंच जगूअण्णा घागर घेऊन स्वतः माझ्यामागे फिरत होते. आधीच पाण्याचं दुर्भिक्ष, त्यात हे.

"म्याडम, प्यायला न्हाई आन् जिमिनीला मीठ-पानी पाजताय व्हय?" ते म्हणाले. "लागंल न्हवं?"

मी म्हटलं, बघू या. माझं सगळं लक्ष आवाराच्या पलीकडे होतं. तिथे सबनीस त्याच्या नव्या मीटरवर वाकलेला होता आणि सर त्याच्या शेजारी, मातीत मांडी घालून बसले होते. माझ्याकडे सकाळपासून एकदाही फिरकले नव्हते.

दुपारी मात्र माझं नशीब उघडलं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला तिसरी ओळ लावली होती. बाहेरच्या खुंट्या बऱ्याच लांब गेल्या आणि आकडा भराभर उतरायला लागला. मला घाम फुटला, तो उन्हाने नव्हे. खाली पाणी असल्याशिवाय आकडा असा उतरत नाही. पुढच्या खुंट्यांवर तो टुणकन वर गेला. जरा जास्तच वर गेला. मी मीटरला एक टपली मारली, पुन्हा वाचलं, आकडा तोच. हे मीटर असलीच थेरं करतं, मला त्याची सवय होती. आकडा होता तसा टिपून घेतला आणि पुढे गेले.

तिथेच झाडाखाली बसून मी आलेख काढला. वक्र रेषा ओढायची लाकडी पट्टी माझ्याकडे कायम असते. उतार सुरेख आला. चढावर तो एक बिंदू खोडकरपणे वर उभा होता, त्याला मी रेषेच्या बाहेर ठेवलं आणि रेष त्याच्या खालून अलगद वळवून नेली. परात ठेवावी तसा गोल, खोलगट आलेख झाला. इतका देखणा आलेख माझ्या हातून आधी झाला नव्हता.

सबनीसच्या ओळींत काही दम नव्हता. नाल्याच्या अंगाला त्याला किंचित उतार सापडला होता, तोही खोलवर. तो सरांना म्हणाला, "माझ्याकडे जेमतेम आहे. शालनचा आलेख जास्त बोलका दिसतोय."

त्याने भांडायला हवं होतं. भांडला असता तर मला त्याचा इतका राग आला नसता. मोठ्या मनाचा माणूस जवळ असला की आपलं मन किती लहान आहे ते फुकटात कळतं, आणि ते मला नको होतं.

सर माझ्या आलेखाकडे थोडा वेळ बघत राहिले. "नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की," मी म्हटलं.

त्यांनी जगूअण्णांकडून फक्की मागवली आणि माझ्या ओळीच्या मधोमध पांढरी फुली मारली. बोअरची गाडी सोमवारी येणार होती. परतताना जीपमध्ये मी पुढे बसले. सबनीस मागे, नवं मीटर मांडीवर घेऊन, मान टाकून झोपला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला तो बरा वाटला.

दुसरा दिवस माझा दुसऱ्या गावच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा घेण्यात गेला. शनिवारी सकाळी विभागात आले ती तरंगतच.

शनिवारी आमच्याकडे एक रिवाज होता, सरांनीच घातलेला. आठवड्यात झालेले आलेख भिंतीवर टाचणीने टांगायचे. कोपऱ्यात नाव आणि गाव लिहिलेलं असे, तो कोपरा मागे दुमडून टाचायचा. मग सर एकेकाला उठवून एकेक आलेख वाचायला सांगत. कोणाचा, कुठला, काही माहीत नसताना. नाव दिसलं की माणूस जमीन वाचत नाही, नाव वाचतो, असं ते म्हणत. सरांची गोष्ट खरी होती, पण सोंगही होतंच. आम्ही सगळे एकमेकांचा हात ओळखायचो. सबनीसचा तर आंधळ्यानेही ओळखला असता. तो जांभळ्या शाईने काढायचा, आणि बिंदूंच्या जागी बारीक त्रिकोण करायचा. बिंदू रेषेखाली हरवतात, त्रिकोण हरवत नाहीत, हे त्याचं म्हणणं. मला ते त्रिकोण खड्यासारखे डोळ्यांत खुपायचे.

"शालन, तो शेवटचा वाच," सर म्हणाले.

शेवटच्या कागदावर जांभळे त्रिकोण होते. मी उठले. खरं सांगायचं तर पदर खोचला. नाल्याकडच्या त्या जेमतेम आलेखाचा आता हा काहीतरी मोठा आव आणतोय, असं मला वाटलं. कागदही नेहमीचा नव्हता, मोठ्या चौकटींचा होता. नवं मीटर, नवा कागद. थाट बघा.

मी आधी नुसती बघत राहिले. खाली उतार होता, मग चढ. चढ फार उभा होता. मी टेबलावरचा गुण्या उचलला आणि कागदावर लावला.

"हा उतार पाण्याचा नाही," मी म्हटलं.

"कशावरून?"

"चढावरून. जमिनीचे थर एकावर एक नीट पसरलेले असले तर रेष पंचेचाळीस अंशांच्या वर चढत नाही. ही चढलीय. गुण्या लावून बघा. इतका उभा चढ जमीन देत नाही, सर. तो लोखंड देतं. इथे बाहेरची खुंटी कुठल्यातरी पाइपाच्या नाहीतर तारेच्या जवळ पडली असणार. वीज त्यातून पळाली, म्हणून आकडा पडला. खुंटी पुढे गेली, आकडा परत जागेवर आला. ज्याने हे काढलं त्याला वाटलं पाणी लागलं."

"मग इथे बोअर घ्यावी का?"

"घेतली तर धूळ निघेल. आणि हे कळायला पीएचडी लागत नाही, पहिल्या वर्षाच्या पोरांना आपण हेच शिकवतो. पण दिसावं कसं? पाणी हवंच आहे म्हटल्यावर उतार दिसतो, चढाकडे कोण बघतंय."

शेवटचं वाक्य मी खिडकीकडे तोंड करून म्हटलं. सबनीस खाली बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. माझा आत्मा थंड झाला. त्या दिवसाइतकं सुरेख मी आयुष्यात काही वाचलं नसेल. एकही शब्द वाया नव्हता, एकही शब्द चुकीचा नव्हता.

सर उठले. त्यांनी टाचणी काढली आणि दुमडलेला कोपरा सरळ केला. सबनीसच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: बोरमाळ, ओळ तिसरी, शा. खराडे.

मी त्या कागदाकडे बघितलं. आकडे माझेच होते. तो वर उभा राहिलेला बिंदू, ज्याला मी रेषेबाहेर हुसकावलं होतं, त्याला सबनीसने त्रिकोण देऊन रेषेत घेतलं होतं. माझी परात कुठेच नव्हती. होता तो एक खड्डा आणि एक भिंत.

"अहवालासाठी प्रत हवी होती, तू परीक्षेला गेली होतीस," सर म्हणाले. "मी त्याला म्हटलं, आकडे आहेत तसे टाक, हात लावू नकोस." मग त्यांनी विचारलं, "आता कोणाचा ते कळलं. तुझं मत बदलतंय का?"

एक वाक्य पुरलं असतं. जुनं मीटर, सर, काटा उडतो, तो बिंदू धरू नका. सगळ्यांनी मान्य केलं असतं, कारण तो काटा खरंच उडायचा. परवा गाडी आली असती, माझ्या फुलीवर लागली असती. कोण जाणे, फत्तरातही एखादी फट निघते. आणि खुर्ची. मी सबनीसकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि त्याबद्दलही मला त्याचा हेवाच वाटला. त्याच्या जागी मी असते तर टक लावून बघितलं असतं.

"नाही बदलत," मी म्हटलं. "तिथे पाणी नाही."

रविवारी आम्ही तिघे पुन्हा बोरमाळला गेलो. मी बाहेरच्या खुंटीचं अंतर मोजलं आणि जिथे आकडा पडला होता तिथे टिकाव मारायला सांगितलं. दोन हात खाली लोखंड वाजलं. गंजलेला, मनगटाहून जाड पाइप आडवा गेलेला होता.

जगूअण्णा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "ही तर जुन्या उपसा योजनेची लाइन. नाल्यावरनं आणली हुती. एक उन्हाळा चालली आन् बंद पडली. म्याडम, आमाला काय ठावं ही तुमास्नी आडवी यील. इचारलं आसतं तर सांगितलं आसतं."

विचारायला हवं होतं, हे खरं. मी फक्कीची फुली पायाने पुसली. सरांनी नाल्याच्या अंगाला नवी फुली मारली, सबनीसच्या जेमतेम आलेखावर. सोमवारी तिथे गाडी लागली. दुपारपर्यंत नुसती धूळ उडाली, माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहिण्यासारखं नाही. मग धुळीचा चिखल झाला, आणि चिखलाचं पाणी. फार नव्हतं, पण दवाखान्यापुरतं होतं. गावकऱ्यांनी सबनीसला उचलून खांद्यावर घेतलं. मी त्या पाण्याने तोंड धुतलं. गार होतं आणि चवीला गोड होतं. ते माझ्या फुलीवर लागलं नव्हतं, याचं दुःख मला दवाखाना उघडणार या आनंदापेक्षा मोठं होतं. तेव्हाही होतं, नंतरही राहिलं.

येताना मी सरांना विचारलं, की आकड्यांत खोट आहे हे तुम्हाला झाडाखालीच कळलं होतं ना, मग तिथेच का नाही सांगितलंत?

"तू भांडली असतीस," सर म्हणाले. "आणि जिंकली असतीस, तू भांडणात कोणाला ऐकतेस? मला एवढं ठाऊक होतं, की सबनीसचा हात दिसला की तू भिंग घेऊन बसतेस."

रीडरची जागा सबनीसला मिळाली. मी पेढा खाल्ला. मला ती पुढे दोन वर्षांनी मिळाली, तोवर तो आणखी पुढे सरकला होता.

पण त्याआधी, मुलाखतींनंतरच्या आठवड्यात, मी त्याच्या खिडकीपाशी गेले. हातात माझे नवे आकडे होते.

"याचा आलेख काढून दे," मी म्हटलं. "तुझ्या शाईने. ते त्रिकोण घालून."

"का गं? हाताला काय झालं?"

"हात बरा आहे. माझा आलेख असला की मला सगळं गोड दिसतं. तुझा असला की चूक दिसते."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्याने माझा कागद ठेवून घेतला, खणातून स्वतःचा एक काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"मग माझा तू काढ," तो म्हणाला. "पेन्सिलने, तुझे ते गोल ठिपके देऊन. सर तुझ्या टेबलाशी कधी थांबायचे नाहीत, लक्षात आहे? माझ्यापाशी तासन्‌तास बसायचे, माझा प्रत्येक आकडा दोनदा तपासायचे. तुझा कधी तपासला नाही. तुला त्या दिवशी जुनं मीटर दिलं ना, तेव्हा मला वाटलं, हिला मोडकं दिलं तरी चालतं, मला नवं दिल्याशिवाय भरवसा नाही." तो खिडकीबाहेर बघू लागला. "तुला काय वाटलं, जळायचं काम तुला एकटीलाच जमतं?"

त्यानंतर आम्ही ते आयुष्यभर केलं. विभागात लोक आम्हाला हसायचे. तो विभागप्रमुख झाला तरी माझे आलेख काढायचा, मी त्याच्या जागेवर आले तरी त्याचे काढायचे. निवृत्त झाल्यावर पोस्टाने पाठवायचो. मैत्री म्हणता येईल असं आमच्यात फार काही नव्हतं. त्याच्या मुलीचं लग्न माझ्या मुलीआधी ठरलं तेव्हाही मला झोप लागली नव्हती. पण माझ्या आलेखावर घेतलेली बोअर त्यानंतर क्वचितच कोरडी गेली, आणि त्याच्याही.

मार्गशीर्षात सबनीस गेला. झोपेत गेला. मरणसुद्धा याला सोपं मिळालं, हे माझ्या मनात आधी आलं, रडू मागाहून आलं.

गेल्या आठवड्यात एका शाळेच्या विहिरीसाठी मला आकडे पाठवलेले होते. मी नेहमीप्रमाणे पेन्सिलने आलेख काढला. सुरेख आला. उलटा करून पाहिला, लांब धरून पाहिला, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पाहिला. एकही चूक दिसेना. एवढी भीती मला आयुष्यात कशाची वाटली नव्हती.

मग मी नातीच्या दप्तरातून जांभळं पेन घेतलं. नवा कागद पुढे ओढला आणि आकडे पुन्हा मांडायला बसले, ठिपक्यांऐवजी बारीक त्रिकोण काढत. हात कापतो आता, त्रिकोण वाकडे येत होते. त्याचे कधी वाकडे यायचे नाहीत. पहिल्या पाच-सहा त्रिकोणांवर काहीच झालं नाही, नुसतं डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान मागे घ्यावी लागली. पुढे रेष उतरू लागली, आणि मग उतारावर एका जागी अकारण थबकली.

मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"काय रे हे, सबनीस," मी म्हटलं, आणि पोटात तो जुना, ओळखीचा जाळ उठला. मी गुण्या शोधायला उठले.